पुणे : स्वतः राहत्या घराची ४० टक्के सवलत – तुमचा पीटी-३ भरलाय का?

अनुराधा_क

गेल्या रविवारी समोरच्या काकू मिळकतकराचं बिल घेऊन आल्या. "मोबाइलवरून भरून देतेस का गं? ३१ मेच्या आत भरलं की सूट मिळते ना." त्यांनी बिल टेबलावर ठेवलं, शेजारी आमचं पडलेलंच होतं, आणि नजर गेली ती वार्षिक करपात्र रकमेवर, म्हणजे ज्या रकमेवर कर मोजतात तिच्यावर. विंग एक, मजला एक, क्षेत्रफळ अगदी चौरस फुटापर्यंत सारखं, पहिली आकारणीही एकाच महिन्यातली. तरी त्यांची रक्कम आमच्या दीडपटीहून जास्त. आमच्या रकमेला त्यांच्या रकमेने भागून बघितलं. उत्तर आलं ०.६.

म्हणजे काकूंना स्वतः राहत्या घराची ४० टक्के सवलत लागलेलीच नाही. २०२० साली ताबा मिळाल्यापासून त्या या घरात राहतात. काका गेले तेही याच घरात. दारावरची पाटी काकांनी स्वतः रंगवलेली आहे. पण हे घर मालक स्वतः वापरतो, असं सांगणारा पीटी-३ अर्ज त्यांच्याकडून कधी गेलाच नाही. २०२३ मध्ये महापालिकेने हे अर्ज मागवले तेव्हा काकांचं आजारपण चालू होतं, घरात कोणाला पेपर वाचायचंही भान नव्हतं. तेव्हापासून त्या दर वर्षी मे महिन्यात पूर्ण बिल भरत आल्यात, कुणाचं देणं राहू नये म्हणून अगदी वेळेत. मला फार वाईट वाटलं. आपण समोरासमोर राहतो, आमचा अर्ज भरताना त्यांना एकदा विचारायला हवं होतं.

म्हणून हा धागा. पुणे महापालिकेच्या हद्दीत तुमचं घर असेल, तुम्ही स्वतः त्यात राहत असाल आणि घराची पहिली आकारणी १ एप्रिल २०१९ किंवा त्यानंतरची असेल, तर आजच बिल काढून बघा. २०१८ च्या जीआयएस (संगणकीय नकाशांवर आधारित) मिळकत सर्वेक्षणानंतर ज्यांची सवलत काढली गेली होती, त्यांनीही बघा. आकडा कळत नसेल तर त्याच इमारतीतल्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या घराच्या बिलाशी ताडून बघा. दुसऱ्या इमारतीच्या बिलाशी तुलना करू नका, कारण दर इमारतीच्या आकारणीच्या वर्षावर अवलंबून असतो आणि जुन्या इमारतींचे दर कमीच असतात.

आमच्या वेळचं सांगते. घर आईच्या नावावर आहे. अर्ज साधाच आहे, शुल्क २५ रुपये. सोबत ती इथे राहते असं सोसायटीचं पत्र आणि राहण्याचा पुरावा : मतदान ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅसचं पुस्तक, रेशन कार्ड यांपैकी. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. आईचं मतदान ओळखपत्र कराडचं, गॅसचं पुस्तक कराडचं, पासपोर्ट कधी काढलाच नाही, गाडी ती चालवत नाही. चार वर्षं इथे राहून इथला एकही कागद तिच्या नावाचा नव्हता! वीजबिल माझ्या भावाच्या नावावर. शेवटी गॅसचा पत्ता बदलून घेतला आणि मग अर्ज दिला. घर बाईच्या नावावर करताना आपण कौतुक करतो, पण घराचे बाकीचे कागद तिच्या नावावर करायला विसरतो.

आता प्रश्न काकूंचा. बिलावर अजून काकांचं नाव आहे. आधी नाव बदलायचं की आधी पीटी-३ द्यायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

तळजाई

धागा वाचून लगेच बिल काढलं. आमचं घर २००४ चं आहे, सवलत चालू आहे असं दिसतंय. पण ही सवलत तर लहानपणापासून ऐकतोय. मग मध्येच गेली कशी आणि परत आली कशी? कुणी सविस्तर सांगेल का?

जुना_चिटणीस

मी आमच्या सोसायटीचा बावीस वर्षं चिटणीस होतो. हे सगळं कागदोपत्री बघितलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आपला मिळकतकर घराच्या किमतीवर नसून, ते घर भाड्याने दिलं असतं तर वाजवी भाडं किती आलं असतं, त्यावर बसतो. त्यातून देखभालीपोटी काही टक्के वजा केले की राहते ती वार्षिक करपात्र रक्कम. सर्वसाधारण कर, पाणी, सफाई, जललाभ, मलनिस्सारण, शिक्षणकर हे सगळे त्या रकमेवर मोजले जातात. म्हणून ही एक रक्कम चुकली की बिलातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकते.

आता जो माणूस स्वतःच घरात राहतो त्याला भाडं मिळतच नाही. मग त्याच्याकडून पूर्ण भाड्याच्या हिशोबाने कर कसा घ्यायचा? १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव केला की घरमालक स्वतः राहत असेल तर भाड्याच्या ६० टक्केच रक्कम धरायची. त्याच ठरावाने देखभालीची वजावट १० ऐवजी १५ टक्के केली. तेव्हापासून जवळपास अर्धं शतक हे चालत आलं.

पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. कायद्यात देखभालीची १० टक्के वजावट आहे, हे ४० टक्के कुठून आले, असा त्याचा रोख. प्रकरण राज्य सरकारकडे गेलं आणि सवलत बंद झाली. १ एप्रिल २०१९ पासून आकारणी झालेल्या नव्या घरांना ती मिळालीच नाही. त्याआधीच्या सर्वेक्षणात जी घरं मालकाच्या वापरात नाहीत असं नोंदलं गेलं, त्यांचीही काढली गेली आणि फरकाची बिलं गेली. त्या नोंदींत घरात राहणारेही अडकले, कारण सर्वेक्षणाच्या वेळी घर बंद होतं किंवा दार भलत्याच कुणी उघडलं. आमच्याच सोसायटीत एका मास्तरांना फरकाचं बिल आलं, ते महिनाभर मुलीकडे बाळंतपणासाठी गेले होते. बिल हातात घेऊन ते माझ्या दारात उभे होते, तो चेहरा मी विसरलेलो नाही.

एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू करायला मान्यता दिली. देखभालीची वजावट मात्र १५ वरून कायद्याप्रमाणे १० टक्के झाली, आणि मागच्या वर्षांचा तो ५ टक्क्यांचा फरक वसूल करायचा नाही असंही ठरलं. ज्यांची सवलत गेली होती त्यांच्याकडून पीटी-३ मागवला. मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती, ती नंतर वाढवली. मुदतीत अर्ज दिलेल्यांनी जादा भरलेली रक्कम परत हातात दिली नाही, पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करायची असं धोरण होतं. त्या मुदतीनंतरही पीटी-३ घेतले गेले आहेत, त्यामुळे काकूंनी अर्ज जरूर द्यावा.

अनुराधाताई, तुमच्या प्रश्नाबद्दल : करारनाम्यात काकूंचं नाव आहे का, ते आधी बघा.

अनुराधा_क

@जुना_चिटणीस, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बघितलं. करारनाम्यात आणि सूची दोनवर (नोंदणी कार्यालयातून मिळणारा खरेदीचा उतारा) दोघांची नावं आहेत. बिलावर फक्त काकांचं.

जुना_चिटणीस

मग निम्मं काम सोपं झालं. त्या आजही सहमालक आहेत. नाव हस्तांतराचा अर्ज आणि पीटी-३ एकदमच द्या. हस्तांतराला सूची दोन, काकांचा मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती किंवा प्रतिज्ञापत्र, आणि चालू वर्षापर्यंतचं बिल भरल्याची पावती लागेल. पीटी-३ वर मालक म्हणून काकूंचं नाव आणि पुरावाही त्यांच्याच नावाचा हवा. अर्जावर मिळकत क्रमांक अचूक लिहा : विभाग, पेठ आणि खाते क्रमांक, बिलावर असतो तसाच. अंकाची एक चूक झाली तरी अर्ज दुसऱ्याच्या खात्याला चिकटतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. मिळकतकराच्या बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलं म्हणजेही मालकी नाही. ते बिल कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतं. वारसांमध्ये काही मिटायचं असेल तर ते वेगळं मिटवा, बिलावर विसंबू नका.

बाणेर_ते_हडपसर

माझी बाजूही ऐका. माझं एकच घर आहे, हडपसरला. नोकरी हिंजवडीत, मुलीची शाळा बाणेरला, म्हणून स्वतःचं घर भाड्याने देऊन बाणेरला भाड्याने राहतो. मिळणारं भाडं आणि भरायचं भाडं यात माझ्या हातात काही उरत नाही, उलट खिशातून दर महिन्याला जातात. मला सवलत नाही. आणि ज्याची चार घरं आहेत आणि त्यातल्या एकात तो राहतो, त्याला त्या एका घरावर आहे. एकच घर असलेल्याचा विचार व्हायला नको का?

मुळामुठा

तुमची अडचण खरी आहे, पण या सवलतीचा पाया "एकच घर" हा नाहीच. वर चिटणीसकाकांनी सांगितलं तसं, भाडं मिळत नाही म्हणून भाड्यावरचा कर कमी. तुम्हाला भाडं मिळतंय. त्या तर्काने तुमचं घर भाड्याचंच ठरतं. मला हा तर्क पटतो, कारण तो तपासता येतो : घरात कोण राहतं ते दार वाजवून कळतं. "एकच घर" तपासायचं तर महाराष्ट्रभर कोणाचं कुठे काय आहे ते शोधावं लागेल.

आणि कृपया कुणी भाडेकरू ठेवून पीटी-३ देऊ नका. भाडेकरार नोंदणीकृत असतो, त्याचा माग लागतो. सवलत तर जातेच, वर फरक आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती. घर पुढे भाड्याने दिलंत तर आपणहून कळवा.

बाणेर_ते_हडपसर

मी खोटं काही देणार नाही, ते मनातही नव्हतं. तर्क समजला. तरी मला वाटतं की नोकरीपायी शहरातल्या शहरात भाड्याने राहणाऱ्यासाठी वेगळा, कमी टक्क्यांचा का होईना, विचार व्हावा. नगरसेवकांकडे लेखी देणार आहे.

करसल्ला_नको_पण

एक गल्लत फार होते म्हणून लिहितो. प्राप्तिकरात २०१९-२० पासून दोन घरं "स्वतःच्या वापरातली" दाखवता येतात, दोन्हींचं वार्षिक मूल्य शून्य. त्यावरून काही जण समजतात की महापालिकेतही दोन घरांवर सवलत मिळेल. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. महापालिकेकडे प्रश्न एकच : या घरात तुम्ही राहता का? उलट बाजूने, घर भाड्याने दिलेलं असेल तर महापालिकेला त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. @बाणेर_ते_हडपसर, हे तुम्हाला लागू आहे, पावत्या जपून ठेवा.

डोंबिवलीचा_पण_मुंबईत

मुंबईत वेगळंच आहे. इथे २०१० पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर. आणि सवलत क्षेत्रफळावर बेतलेली : ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्राच्या निवासी घराला मालमत्ता कर माफ. आधी २०१९ मध्ये फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर येत राहिले आणि लोक वैतागले. मग जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण माफीचा निर्णय झाला. आमचं घर ४१० फुटांचं. त्यामुळे अर्ज, पुरावा असं काही करावं लागलं नाही.

तळजाई

म्हणजे मुंबईत घर केवढं ते बघतात, पुण्यात घरात कोण आहे ते. मला पुण्याचं जास्त बरोबर वाटतं, पण मुंबईचं सोपं आहे. काकूंसारख्यांचं नुकसान तिथे झालं नसतं.

सुभेदार_मेजर_निवृत्त

माजी सैनिकांसाठी लिहितो. सप्टेंबर २०२० च्या शासन निर्णयाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराचा मालमत्ता कर माफ आहे, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळीकडे. त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. हेही आपोआप मिळत नाही. माझ्या गावाकडच्या तीन वीरपत्नींना ठाऊकच नव्हतं, मी स्वतः त्यांचे कागद करून दिले. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कृपया सांगा.

ह्यूस्टनहून_मेधा

माझ्या आईचं पुण्यातलं घर अगदी याच प्रकरणात होतं. करारनाम्यात आम्हा दोघींची नावं, राहते ती, बिलावर आधी माझं नाव. मी इथे टेक्सासमध्ये, त्यामुळे माझ्या नावाने राहण्याचा पुरावा देणं शक्यच नव्हतं. सहमालक म्हणून आईच्या नावाने पीटी-३ दिला आणि तो मंजूर झाला. बाहेरगावी, परदेशी राहणाऱ्या मुलांनी घर घेताना आईवडिलांचं नाव करारात घालावं, त्याचा असाही उपयोग होतो.

टेक्सासमध्ये कर घराच्या बाजारभावावर आहे आणि तो पुण्याच्या मानाने फार मोठा असतो. इथेही राहत्या घराला सवलत आहे, तिला होमस्टेड म्हणतात. शाळांच्या कराच्या हिशोबात घराच्या किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते : २०२३ मध्ये ती १ लाख डॉलर झाली, आता १ लाख ४० हजार. शिवाय राहत्या घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनाही मिळते. हे आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. पुरावा म्हणजे वाहन परवाना, त्यावर त्याच घराचा पत्ता पाहिजे. आम्ही घर घेतलं तेव्हा परवान्यावर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता, अनुराधाच्या आईच्या गॅसच्या पुस्तकासारखाच! अर्ज फुकट आहे. घर घेतल्यावर पैसे घेऊन अर्ज भरून देतो अशी खासगी पत्रं येतात, त्यांना पैसे देऊ नका. आणि उशीर झाला तरी दोन वर्षांपर्यंत मागचं मागता येतं.

मुळामुठा

मागचं मागता येण्याची सोय कायमची हवी, मुदतीपुरती नको. काकूंचं प्रकरण बघा, राहत होत्या हे सगळी विंग सांगेल.

प्राजक्त_७

नवीन ताबा घेणाऱ्यांसाठी माझा अनुभव. आम्हाला २०२२ मध्ये ताबा मिळाला. पहिली दोन बिलं बिल्डरच्याच नावाने येत होती आणि त्यांच्या ऑफिसात पडून राहायची. आम्हाला कळलंच नाही. जेव्हा कळलं तेव्हा शास्तीसकट भरावी लागली. ताबा घेतल्यावर पहिल्या महिन्यातच आपला मिळकत क्रमांक आणि आकारणीची नोटीस मागून घ्या. नोटिशीत क्षेत्रफळ, वापर, दर लिहिलेला असतो आणि हरकत घ्यायला मुदत दिलेली असते. आमच्या नोटिशीत गच्चीचा भाग जास्त धरलेला होता, हे आम्हाला फार उशिरा समजलं. मुदतीत लेखी हरकत घेतली असती तर तेव्हाच सुनावणीत सुटलं असतं. आता तेच न्यायालयात न्यायचं तर आधी बिलाची रक्कम भरावी लागते.

जुना_चिटणीस

प्राजक्त, फार महत्त्वाचं लिहिलंत. आणि आजी-माजी चिटणिसांना माझी हात जोडून विनंती : राहत असल्याचं पत्र मागायला कुणी आलं तर देखभालीची थकबाकी, पार्किंगची भांडणं यात ते अडवू नका. तो माणूस त्या घरात राहतो की नाही, एवढंच त्या पत्रात लिहायचं असतं. मी लेटरहेडवर घर क्रमांक, मालकाचं नाव, केव्हापासून वास्तव्य, आणि "घर भाड्याने दिलेले नाही" हे एक वाक्य असा नमुना करून ठेवला होता. सही, शिक्का, तारीख. दहा मिनिटांचं काम.

अनुराधा_क

सगळ्यांचे आभार. काल आणि आज मिळून झालेलं सांगते.

काकूंकडे एक जुना बिस्किटांचा डबा आहे, त्यात २०२० पासूनची सगळी बिलं आणि पावत्या वर्षानुसार, काकांच्या अक्षरात तारखा घालून ठेवलेल्या. काका गेल्यानंतरच्या पावत्यांवर तारखा काकूंच्या अक्षरात. सगळ्या झेरॉक्स काढल्या. गॅसचं पुस्तक काकांच्या नावावर होतं, ते नावावर करायला टाकलंय. पण काकूंचं मतदान ओळखपत्र गेल्या निवडणुकीआधी इथल्या पत्त्यावर झालेलं निघालं, म्हणून गॅसच्या पुस्तकासाठी थांबलो नाही. चिटणिसांनी पत्र तुमच्या नमुन्याप्रमाणे दिलं. मुलाची आणि मुलीची संमतीपत्रं आली. आज नाव हस्तांतर आणि पीटी-३ दोन्ही अर्ज दिले. यंदाचं बिलही भरून टाकलं, म्हणजे सर्वसाधारण करातली सूट जाणार नाही आणि शास्तीचा प्रश्न येणार नाही. मागच्या वर्षांच्या जादा रकमेसाठी वेगळा लेखी अर्ज जोडलाय, सोबत सगळ्या पावत्यांच्या प्रती आणि काका कोणत्या तारखांना इस्पितळात होते त्याचे कागद.

आणि आज संध्याकाळी आमच्या विंगेतल्या बावीस घरांच्या दारांवर मी आणि काकू मिळून गेलो. सहा घरांचा पीटी-३ राहिलेला आहे. त्यातली तीन घरं एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची.

तळजाई

सहा? बावीसपैकी? उद्या आमच्या सोसायटीत २०१९ नंतर झालेल्या नव्या विंगेत विचारतो. चिटणीसकाका, तो पत्राचा नमुना इथे टाकाल का?

जुना_चिटणीस

हो, आज रात्री टाकतो. टंकून घ्यायला अर्धा तास द्या.